अर्धा उकिरडा

माधवीनं उकिरड्याच्या मधोमध दोरी आडवी टाकली आणि तिचं टोक चपलेखाली दाबून धरलं.

"अर्धं म्हणजे अर्धं," ती म्हणाली. "भांडी वाटली, जमीन वाटली. हा काय तू माहेराहून आणलास?"

सारिका पलीकडच्या कडेला फावडं टेकवून उभी होती. माधवी तिची थोरली जाऊ. तळेगावात बंगला बांधून राहिलेली. बागेला शेणखत हवं म्हणून आज सकाळीच टेंपो घेऊन आंदर मावळात उतरली होती.

"न्या की. न्हाई कोन म्हनतंय?" सारिका म्हणाली. "पर ताई, दोरी आडवी नका टाकू. उभी टाका."

"का?"

"उगवतीकडचं दीड वर्साचं हाय. मुरलेलं. मावळतीकडचं परवाचं. उभी दोरी टाकली तर दोघींना दोन्ही येतंय."

खड्डा लांबट होता. उगवतीच्या टोकापासून तो भरत भरत सारिका मावळतीकडे सरकत आली होती. रोज चार पाट्या शेण, गव्हाणीतला उष्टा पेंढा, चुलीतली राख. जुन्या टोकाकडचं आता काळंभोर, भुसभुशीत झालं होतं. मुठीत दाबलं की मुठीतच मोकळं व्हायचं. त्याला शेणाचा वास उरला नव्हता. जूनच्या आत तिला ते भाताच्या वाफ्यांवर पसरायचं होतं.

माधवीनं पदर नाकाला लावला. आधी एका टोकाला वाकून बघितलं, मग दुसऱ्या. मग ती हसली.

"तिकडं सगळी माती आहे आणि इकडं शेण. निम्मी माती माझ्या गळ्यात मारतेस होय?"

"माती न्हाई ती. खतच हाय."

"मला शेण कळत नाही? सोळा वर्षं मीपण याच घरात शेण काढलंय." माधवीनं दोरी होती तिथंच ताणली. "मावळतीची बाजू माझी. माती तुला ठेव."

"कच्चं हाय ते," सारिका म्हणाली. "आतनं तापलंय. मुळाला लागलं की झाड जळतं. वरीसभर मुरू द्या, मग घाला."

"म्हणजे वर्षभर इथंच राहू दे, असंच ना?"

सारिका फावडं उचलून बाजूला झाली.

टेंपोवाल्या सत्यमनं मावळतीकडे पहिलं फावडं घातलं. थर फुटला आणि माघातल्या गार हवेत पांढरी वाफ वर आली. त्यानं सहज हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आयला! भाकरी भाजंल यावर."

"बघ," माधवी म्हणाली, "याला म्हणतात कस."

अर्ध्या तासात टेंपो भरला. सारिकानं एकाही पाटीला हात लावला नाही. सत्यमनं फाळका लावून कडी घातली, तेव्हा मावळतीचं टोक तळापर्यंत रिकामं झालं होतं. माधवीनं दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. दोरीसुद्धा तिनं घरून आणली होती.

जाता जाता ती अंगणात थांबली. उंबऱ्याच्या उजव्या हाताला एक खड्डा होता, हातभर खोल. तिथं सासूनं लावलेला सोनचाफा होता. सासू गेल्यावर सारिकानं तीन वर्षं त्याला पाणी घातलं होतं. गेल्या आषाढात ती माहेरी गेली असताना माधवीनं तो मुळासकट काढून बंगल्यात नेला होता. खड्डा सारिकानं बुजवला नव्हता.

माधवीनं खड्ड्याकडे बघितलं आणि नजर टेंपोकडे वळवली.

"चाफा पिवळा पडलाय," ती म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "कशानं काही लागू पडत नाही. पहिली पाटी त्यालाच घालणार आहे. सासूबाईंची तेवढीच एक खूण."

सारिका खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"आता वाटणी झाली, सारिका. तुझं तुला, माझं माझ्याकडं. आता तरी खरं सांग. कच्चं-बिच्चं काही नसतं ना?"

सारिकानं पायाजवळच्या खड्ड्याकडे पाहिलं. त्याच्या कडेला तुटलेल्या मुळाचं एक टोक अजून बाहेर आलेलं होतं.

"नसतंय," ती म्हणाली.

"वाटलंच मला." माधवी समाधानानं हसली. "किती घालू?"

"दोन पाट्या घाला. बुंध्याला चिकटवून. आन् पानी बेतानंच."

"बघ, आधीच असं सरळ बोलली असतीस तर!"

टेंपो उतारावरून गेला. वळणापर्यंत त्याच्या मागे वाफ दिसत राहिली.

सारिका उगवतीच्या टोकाला गेली. तिनं काळ्या खताची एक पाटी भरली, अंगणात आणली आणि चाफ्याच्या खड्ड्यात ओतली. आणखी एक ओतली. मग त्यावर उभी राहून तिनं दोन्ही टाचांनी ते दाबून बसवलं.