तीस पावलांची तार

“आई, त्याला सांग, ज्योत कमी कर म्हणावं. काच तापवायचीय, उकळायची नाहीये.”

“आई, त्याला सांग, ज्योतीचं माझं मी बघतो. त्यानं आपले पाय सांभाळावेत.”

आईनं कुणालाच काही सांगितलं नाही. दोघे भाऊ एकमेकांपासून चार हातांवर होते आणि दोघांचेही कान ठणठणीत होते.

थोरला ज्योतीपाशी बसून बोटाएवढी काचेची कांडी गरागरा फिरवत होता. टोक मधासारखं लोंबायला लागलं तसं धाकट्यानं ते चिमट्यात धरलं आणि तो व्हरांड्यातून उलट्या पावलांनी मागे चालू लागला. त्याच्या पुढ्यात काच केसासारखी बारीक होत गेली. पाऊल घाईचं पडलं की तार तुटते, रेंगाळलं की दोरीसारखी जाड होते. तीस पावलं, एका चालीत.

अकराव्या पावलाला तुटली.

“घाई कुणाला आहे ते दिसतंय,” थोरला कांडीला म्हणाला.

घाई धाकट्याला होतीच. तो आल्यापासून त्यानं पिशवी रिकामी केली नव्हती. लागेल तो कपडा वरच्या वर उपसून काढत होता. बसला की पाय हलवायचा, उभा राहिला की घड्याळ बघायचा.

वडिलांनी एका संग्रहालयाला शब्द दिला होता. उजेड वाहून नेणारी तार यंत्रांशिवाय, नुसत्या हातांनी ओढता येते हे लोकांना दाखवायला, तीस पावलांची एक अखंड तार. शब्द देऊन दोन महिन्यांत ते गेले. थोरल्याला हे एकट्यानं जमणारं नव्हतं. या कामाला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस पाच वर्षांपूर्वी अशाच तारेच्या कारखान्यात यंत्रावर नोकरीला गेलं होतं. धाकटा जाताना थोरला म्हणाला होता, “बटणं दाबायला हात कशाला हवेत, कोपरानंही दाबता येतात.” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

“एक चांगली तार निघाली की त्याच पावली मी निघालो,” धाकट्यानं आल्या आल्या आईला बजावलं होतं. “मग पुन्हा बोलावू नका.”

चांगली की वाईट, ते आई ठरवायची. तारेचं एक टोक व्हरांड्यात दिव्यापाशी धरायचं, दुसरं भिंतीतल्या भोकातून आतल्या खोलीत सोडायचं. तिथं खिडक्यांवर जाड चादरी टाकून मिट्ट काळोख केलेला. काच स्वच्छ असेल तर टोकाशी उजेडाचा टिपका उमटतो; आत बुडबुडा असेल तर उजेड वाटेतच सांडतो. ज्यानं ओढली त्यानं पाहायचं नाही, हा वडिलांचा नियम होता. ओढणाऱ्याला नसलेला उजेडही दिसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पहिल्यापासून डोळा आईचा.

“नाही रे,” ती आतून म्हणायची. “अंधारच आहे.”

मग कट्कन आवाज यायचा. नापास तार ती तिथंच मोडून डब्यात टाकायची.

दहा दिवसांत तीस पावलं पार केलेल्या सोळा तारा निघाल्या. सोळाही अंधाऱ्या. निरोपांचा हिशेब मात्र वेगळा लागत होता. पहिल्या दिवशी आईमार्फत एकोणीस निरोप गेले, त्यातले चौदा टोमणे. सातव्या दिवशी सहा. दहाव्या दिवशी दोनच, आणि त्यातला एक धाकट्याच्या भाजलेल्या बोटाला लावायच्या मलमाबद्दल होता. थोरल्यानं मान हलवली की धाकट्याचं पाऊल आपोआप उचलू लागलं होतं. अर्थात दोघांना विचारलं असतं तर दोघांनीही कानावर हात ठेवले असते.

अकराव्या दिवशी सकाळी धाकटा फोनवर बोलत होता. आई दाराआड.

“साहेब, अजून दोन दिवस... हो, कळतंय. उद्या हजर झालो नाही तर जागा गेली, बरोबर... नाही, कुणी अडवलेलं नाही. तारच निघत नाहीये.”

फोन ठेवून तो व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. आईला सकाळचा चहा गेला नाही.

दुपारी सतरावी तार निघाली. तीस पावलं, कुठं धक्का नाही. थोरल्यानं दिवा धरला. आई आत गेली, दार लावलं आणि टोकाकडे बघितलं.

टिपका लख्ख होता. आधीच्या सोळा वेळा होता तसाच.

तिनं मोडायला तार चिमटीत धरली, पण मोडली नाही. मग तिनं दार उघडलं.

“आला,” ती म्हणाली. “उजेड आला. जा रे बाबा, तुझी गाडी चुकेल.”

थोरल्यानं मान खाली घातली आणि हातातला दिवा उगाचच पुसायला घेतला. धाकटा जागचा हलला नाही.

“मला बघू दे.”

“आई, त्याला सांग, ओढणाऱ्यानं बघायचं नसतं,” थोरला म्हणाला.

“यंत्रावर रोज शंभर बघतो मी.”

थोरल्यानं दिवा पुन्हा तारेच्या टोकाशी धरला. धाकटा आत गेला. आई त्याच्यामागोमाग. त्यानं वाकून तारेच्या टोकाशी डोळा नेला. काळोखात त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण बुबुळावर पडलेला उजेडाचा टिपका आईला स्पष्ट दिसत होता.

कट्कन आवाज झाला. धाकटा बाहेर आला.

“आईची नजर गेलीय. अंधारच आहे, दादा. दुसरी कांडी घे.”