मोहरीची हाक

“पंप इथे, स्वयंपाकघराच्या भिंतीला,” म्हणत हेमंत केळुसकरांनी खडूने फुली मारली.

“अहो, माझ्या कानाशी घरघर नको हं!” आतून त्यांची बायको शालिनी म्हणाली.

मालवणच्या त्या घरात याच भिंतीला लागून, अलीकडच्या बाजूला, खोलीभर टाकी होती. समुद्रातलं प्रवाळ केव्हाच संपलं होतं. आता ते जगवायचं ते घराघरांतून. टाकीत प्रवाळाची तिळाहून बारीक पिल्लं दिशाहीन तरंगत होती. आज कुठे चिकटली नाहीत, तर उद्या एकही उरणार नव्हतं.

शालिनीने तापल्या तेलात मोहरी टाकली. तडतड, तडतड.

टाकीतला अख्खा पुंजका वळला. शेकडो जीव भिंतीकडच्या काचेशी गेले आणि एकेक करून टेकले.

हेमंतांच्या अंगावर काटा आला. लहानपणी वडिलांबरोबर बुडी मारली, की जिवंत प्रवाळातून हाच आवाज यायचा. इतक्या वर्षांत ते पार विसरले होते.

पंपाच्या घरघरीत ही तडतड बुडाली असती. त्यांनी फुली तळहाताने पुसली.

“झाली फोडणी. गॅस बंद करते,” शालिनी म्हणाली.

“नको गं,” हेमंत कुजबुजले. “अजून मोहरी टाक. थोडे यायचेत अजून.”