फाटलेला सूर

चुडाव्याच्या बबिताताई भर दुपारी नवऱ्याचा जुना, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेऊन पूर्णेला सिद्धोधनच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. नवरा गायन पार्टीत गिटार वाजवायचा. त्याला वारून वर्ष झालं होतं.

“भाऊ, त्यांच्यासारखा फाटका आवाज काढून द्या. लेकीला ऐकवायचाय.”

“त्याला आवाज पूर्ण सोडावा लागतोय, ताई. मोठे व्हॉल्व्ह लय दमले, की सूर फाटतो.”

सिद्धोधननं दुकानातली गिटार जोडली, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तार छेडली. सूर फाटला. बबिताताईंनी डोळ्यांना पदर लावला.

त्यानं तारांवर तळहात ठेवला. सूर थांबला नाही. त्यानं गिटारची वायर उपसली. आता त्या सुरातून एका गाण्याची चाल येऊ लागली. ती एका जागी चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

सिद्धोधननं घाबरून भिंतीतला प्लग काढला. व्हॉल्व्ह विझले. चाल चालूच राहिली.

“राहू द्या, भाऊ,” बबिताताई हळूच म्हणाल्या, “तिथं ते रोजच चुकायचे.”

चाल पुन्हा त्या जागेपाशी आली, क्षणभर थांबली, आणि न चुकता पुढं गेली.