आईची मुरड

१९६८ साली मी कोल्हापुरात टेलिफोन ऑपरेटर होते आणि फावल्या वेळात कविता लिहीत होते. एका दुपारी दादा देवगडहून आला. "आई आठवडाभर अंथरुणाला खिळलीय. सामान बांध, चल."

मी रडत ट्रंक भरत होते, तेवढ्यात देवगड गाडीच्या कंडक्टरने आईचा डबा आणून दिला. "आजच सकाळी घरून आलाय, ताई." आत ओल्या नारळाच्या करंज्या. वहिनी कडा कातण्याने कापायची. या कडांना आईच्या बोटांची बारीक मुरड होती.

"दादा, अंथरुणावर पडून मुरड घालते का आई?"

त्याने मान खाली घातली. "मुलगा बँकेत आहे. रविवारी साखरपुडा. कवितांनी पोट भरतं का?"

"नोकरीने भरतं," म्हणत मी ट्रंक रिकामी केली. "करंजी खा आणि परत जा."

दादाने दोन वर्षं अबोला धरला, मग माझा पहिला संग्रह गावभर वाटला. डबा मुद्दाम धाडलास का, विचारलं की आई नुसती हसायची. ती नव्वदीत गेली. मी निवृत्त झाले, अजून लिहिते. तशी मुरड मात्र मला कधीच जमली नाही.