डाग

पुढच्या लॉरीच्या चाकाखालून उडालेला दगड जाळीतून थेट रेडिएटरमध्ये घुसला आणि चेन्नईबाहेर ओरगडमच्या ओसाड रस्त्यावर गाडीनं फुस्स करून मान टाकली. मागच्या सीटवर वेंकोबा आडवे होते, डोकं बायकोच्या, तुळजाच्या मांडीवर. सकाळपासून छातीत कळ होती. गावातल्या डॉक्टरनं हात वर करून चेन्नईतल्या एग्मोरच्या मोठ्या इस्पितळाकडे बोट दाखवलं होतं. अप्पांना तिथवर जिवंत पोचवायचं, एवढं एकच कौशिकच्या डोक्यात होतं.

येणाऱ्या-जाणाऱ्या लॉऱ्यांना त्यानं हात केला. थांबायला कुणाला सवड होती! मोबाइलला रेंज नव्हती. वाफ निवेपर्यंत तो दात आवळून उभा राहिला आणि मग बोनेटखाली वाकला. दोन नळ्या फाटल्या होत्या.

"होईल कां रे?" तुळजानं खिडकीतून विचारलं.

"जुन्या गाडीचा पितळी असता तर डाग देऊन भागलं असतं, अम्मा. हा ॲल्युमिनियमचा. ह्याला डाग देतां येत नाही."

"तो शब्द नको काढूं. ह्यांना ऐकूं येतंय."

कौशिकच्या आधी लक्षातच आलं नाही. भांड्याच्या भोकाला देतात तो डाग, आणि चितेला देतात तोही डागच. तंजावरच्या त्यांच्या जुन्या मराठी घराण्यात दुसरा अर्थच आधी ऐकू यायचा. त्यानं जीभ चावली.

अंबत्तूरच्या कारखान्यात पत्र्याशी झटापट करण्यात त्याचे केस पिकले होते. हात आपोआप कामाला लागले. फाटलेल्या जागेभोवतीची पातळ पाती त्यानं खरवडून काढली, नळ्या मधोमध कापल्या आणि एकेक टोक पक्कडीनं चेपून विड्याच्या पानासारखं घट्ट दुमडलं. वर नळदुरुस्तीची पुटी मळून थापली. ती वाळायला वेळ हवा होता. मागच्या सीटवरची धाप ऐकत त्यानं जमेल तेवढा धीर धरला.

आता प्रश्न पाण्याचा. प्यायच्या बाटल्या ओतून संपल्या. रस्त्याकडेच्या हापशाचा दांडा तो खांदे भरून येईपर्यंत मारत राहिला, पण आतून नुसता वारा आला. पावसानं तोंड फिरवलेलं, त्या उन्हाळ्यात सगळं चेन्नई टँकरमागे पळत होतं. या हापशाची काय कथा! अजून तांब्याभर तरी पाणी कमी होतं.

तेव्हा तुळजानं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला गडू बाहेर काढला. देवघरातला, तांब्याचा. काशीहून आणलेली गंगा होती त्यात. तोंडाला तिथल्याच तांबटानं डाग देऊन बंद केलेली. वेंकोबा तो कानाशी धरून हलवायचे आणि बायकोला म्हणायचे, "अर्धी तुझी, अर्धी माझी. आधी निघेल त्यानं सगळी पिऊं नये."

कौशिकचं माथं भडकलं. "हा कशाला आणलास? इस्पितळात चाललोय ना आपण?"

तिनं गडू तेवढा पुढे केला. "उघड."

"अम्मा, ही अप्पांची..."

"तोंडात घालायची वेळ येऊं नये, म्हणून म्हणतें. यंत्रात घाल. पोचूं दे त्यांना. माझी अर्धीही ओत."

त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं डाग उचकटला. बारीक धारेनं गंगा रेडिएटरमध्ये उतरली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. झाकण आवळून त्यानं चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. इंजिनच्या तापाचा काटा मधोमध येऊन थांबला, तो वर सरकेना. कौशिकला आनंदानं रडू यायचं बाकी होतं.

थोडं अंतर गेले असतील नसतील.

"कौशिक, गाडी थांबव."

"आता नको, अम्मा. काटा बघ, जागचा हलत नाही. पोचूं आपण."

"थांबव रे. आ केलाय त्यांनी."

त्यानं गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडून बापाचं मनगट धरलं. नाडी लागली, हरवली, पुन्हा पुसटशी लागली. वेंकोबांचे कोरडे ओठ हलत होते. एग्मोर अजून पार शहराच्या पोटात होतं.

"गंगा दे त्यांना," तुळजा म्हणाली. "तुझ्या हातानं."

"कुठून देऊं?"

तिनं रिकामा गडू त्याच्या हातात दिला आणि हनुवटीनं बोनेटकडे दाखवलं.

त्यानं बोनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायची सोय नव्हती. सगळं उकळतं पाणी तोंडावर उसळून वाया गेलं असतं. कुठे थेंब जरी गळत असता तरी पुरला असता. त्यानं वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. उन्हानं आणि इंजिनच्या धगीनं पुटीचा दगड झाला होता. खाली रस्ता कोरडा ठणठणीत. इतकं चोख काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. आणि आता ते मोडलं, की गाडी पुन्हा हलणार नव्हती.

"लवकर रे," आतून तुळजाचा आवाज आला.

कौशिकनं गडू नळीखाली टेकवला, दुमडलेल्या टोकाला पक्कड लावली आणि जीव खाऊन पिळली. पक्कड सटकली. त्यानं पुन्हा लावली, ती पुन्हा सटकली. जोड फार पक्का बसला होता.