एकही तक्रार नाही

“एन्नोरच्या केंद्रात एकही पेशंट असमाधानी नाही,” असं म्हणून शार्दूलनं पडद्यावरच्या आलेखाचा हिरवागार गोल दाखवला. अण्णा नगरातल्या त्या गार खोलीत धर्मादाय ट्रस्टचे विश्वस्त माना डोलावू लागले. पुढ्यात गरम बोंडे होते, फिल्टर कॉफी होती; माना डोलवायला आणखी काय लागतं?

ट्रस्टनं शहराच्या टोकाला, एन्नोरच्या आरोग्य केंद्रात एक कॉम्प्युटर बसवला होता. पेशंटनं त्याच्यापुढे बसायचं आणि शहरातला डॉक्टर पडद्यावरून तपासणार. तपासणी संपली की तिथंच शार्दूलचा ऑनलाइन सर्व्हे उघडायचा. हसरा नाहीतर रडका चेहरा दाबला की उत्तर थेट अण्णा नगरात. त्यासाठी शार्दूलला एन्नोरला पाऊलसुद्धा टाकावं लागलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकण्याला हल्ली संशोधन म्हणतात आणि त्याचा पगारही बरा असतो.

आज ठरवायचं होतं ते एवढंच, की डॉक्टर रामस्वामी दर मंगळवारी स्वतः एन्नोरला जातात, ती फेरी चालू ठेवायची की बंद करायची.

रामस्वामी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “माझ्याकडे येणारी माणसं सांगतात, तपासणी चालू असतानाच लाइन तुटते.”

“कुणी सांगतं म्हणून निर्णय होत नसतात, डॉक्टर,” शार्दूल हसत म्हणाला. “सर्व्हेत आहे का?”

नव्हतं. विश्वस्तही हसले. ट्रस्टच्या अध्यक्ष यामिनीबाईंना तर तो प्रश्न भलताच आवडला. ठरावावर सह्या झाल्या. उद्यापासून फेरी बंद.

शार्दूलचा मोबाइल मघापासून थरथरत होता. फोन वडिलांचा, दिनानाथांचा होता. ते एन्नोरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन तिथंच राहिले होते. तिथल्या कोळशाच्या राखेनं आईची छाती धरली होती. शार्दूल स्वतः मात्र हवा चांगली म्हणून अण्णा नगरात राहायचा. आईवडिलांनाही तो आणणारच होता, मोठा फ्लॅट मिळाला की. सह्या झाल्यावर त्यानं बाहेर येऊन फोन लावला.

“अरे, आईचा दम वाढलाय. त्या कॉम्प्युटरकडे नेलं होतं तिला. डॉक्टरनं नाव विचारलं आणि लाइन गेली. दर वेळचंच आहे.”

“दर वेळचं? अहो बाबा, मग शेवटी सर्व्हे येतो, त्यात का नाही सांगितलंत?”

“तपासणी पुरी झाली की येतो म्हणे तो. आमची अजून एकदाही पुरी झालेली नाही.”

शार्दूलला आता तो हिरवागार गोल कळला. शितावरून भाताची परीक्षा करायला निघालेल्या या शहाण्यानं कच्चं शीत हाती लागायची सोयच ठेवली नव्हती.

“जाऊ दे रे,” वडील म्हणाले. “आजचा दिवस काढेल ती कसाबसा. उद्या मंगळवार, रामस्वामी येतातच.” त्यांच्या मागून आईचा खोकला ऐकू येत होता. तो थांबत नव्हता.

शार्दूल धावतच खोलीत शिरला. रामस्वामी आपली बॅग उचलत होते.

“मॅडम, तो ठराव थांबवा! तिथं खरंच लाइन तुटते.”

“कोण म्हणतं?”

“माझे वडील. आईची लाइन आजच तुटली.”

यामिनीबाईंनी उरलेली कॉफी संपवली, टंबलर खाली ठेवला आणि हसत विचारलं, “सर्व्हेत आहे का?”