सीडी उघडेना

सीडी ड्राइव्ह घरघरला, थांबला, आणि पडद्यावर फोल्डर उघडलं. आत कामाची एकच फाइल दिसत होती, चित्रं पाहण्याच्या प्रोग्रामची, आणि ती नेमकी फक्त विंडोजवर चालणारी. नागसेनने तरी तिच्यावर दोनदा क्लिक करून पाहिलं. काही झालं नाही.

"दिसलं का रे?" मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून चैतरामनी विचारलं.

"थांबा न बाबा. होऊन राह्यलं."

होत काहीच नव्हतं. महिन्याभरापासून चैतरामच्या उजव्या हातातून पेला सुटत होता, सकाळी उठलं की डोकं ठणकत होतं. काल गोंदियाला नेऊन त्यांच्या डोक्याचा स्कॅन काढला. रिपोर्ट मंगळवारी मिळेल, तोवर ही सीडी ठेवा, म्हणून तिथल्या माणसाने पाकीट नागसेनच्या हातात दिलं. तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागलं नव्हतं. आत काही नाही एवढं एकदा डोळ्यांनी दिसलं, की जीव भांड्यात पडेल, असं त्याला वाटत होतं.

पण मध्ये आडवं आलं लिनक्स. नागसेन बालाघाटच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. पाच वर्षांपूर्वी त्याने घरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज पुसून त्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, तेव्हा दारची पीडा गेल्यासारखा तो आनंदला होता. त्यानंतर प्रिंटर रुसला, मुलीच्या शाळेचा प्रोग्राम चालेना, कसल्या कसल्या साइटींनी तोंड फिरवलं. दर वेळी चूक प्रिंटरची, नाहीतर शाळेची. आपलं पोर मारामारी करून आलं तरी शेजारणीशी भांडायला जाणारी आई असते ना, तसा हा. लिनक्सविरुद्ध घरात ब्र काढायची सोय नव्हती.

"पेन ड्राइव्हमंदी घ्या अन् जा न समोर वीरेंद्र भाऊकडं," गीता पिठाच्या हातांनी दारात येऊन म्हणाली. "त्यायच्याकडं विंडोज आहे. लगेच खुलते."

"विंडोजची काही जरूरत नाही. दो मिनट रुक."

"तुमचे दोन मिनिट सकाळपासून चालूच आहेत."

तिचं काही खोटं नव्हतं. नागसेनने दुसरा एक प्रोग्राम शोधला, मोबाइलचं नेट जोडून उतरवला. तो म्हणे, मला अमुक एक जुनी फाइल हवी. ती आणून बसवली, तर पडद्यावरचा मेन्यूच गायब झाला. तो परत आणला, तेव्हा प्रोग्राम दुसऱ्याच कशावर तरी अडून बसला. आणि खरं सांगायचं तर, या झटापटीत गडी सुखात होता. चूक पडद्यावर लिहून येत होती. शोधलं की जगात कुठंतरी कुणीतरी आधी त्याच दगडाला ठेचकाळलेलं सापडत होतं, आणि त्याने उपायही सांगून ठेवलेला असायचा. कालपासूनची भीती तो तेवढ्यापुरती विसरून गेला.

"माहंच डोस्कं," चैतराम सुनेला म्हणाले, "अन् मलेच पाहाले भेटून नाही राह्यलं."

गीता हसली. तेही हसले.

"खुललं!" नागसेन ओरडलाच. "पाहा! म्हटलं होतं न मी? याच्यावर सगळं खुलते!"

चैतराम खुर्चीचा आधार घेत उठून त्याच्या मागे आले. गीता हात पुसत आत आली. पडद्यावर काळ्या भुईवर कवटीची पांढरी कड होती आणि आत राखाडी मेंदू. नागसेन ऐटीत माउसचं चाक फिरवू लागला. एकामागून एक चित्रं सरकत गेली. दोन्ही बाजू सारख्या, अगदी सारख्या. मग एका बाजूला पांढरा डाग दिसला, सुपारीएवढा. पुढच्या चित्रात तो मोठा झाला, त्याच्या पुढच्यात आणखी मोठा.

डॉक्टरीतलं नागसेनला काही कळत नव्हतं. पण दुसऱ्या बाजूला तसं काही नव्हतं, आणि एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्याचं बोट चाकावर थांबलं. सकाळपासून आपण काय उघडायला धडपडत होतो, ते त्याला आत्ता आठवलं.

"हे पांढरं काय आहे रे?" चैतरामनी वाकून विचारलं.

नागसेनने चित्र बंद केलं.

"काही नाही बाबा. बराबर खुललंच नाही ते." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "हे लिनक्सच बेकार आहे. याच्यावर काहीच धड दिसत नाही."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला गीता पाच वर्षं टपून बसली होती. आता ऐकलं, आणि ते तिला नकोसं झालं. तो डाग तिनेही पाहिला होता.

"मंग चाल वीरेंद्रकडं," चैतराम म्हणाले. "त्याच्याकडं बराबर दिसन न."

पडद्यावर आता काहीच नव्हतं, तरी नागसेन तिकडेच बघत राहिला.

"वीरेंद्र भाऊ घरी नाहीत मामाजी," गीता सासऱ्यांना म्हणाली. "लांजीले गेले वाटते."

उघड्या दारातून समोरचं अंगण दिसत होतं. वीरेंद्र पाण्याचा पाइप धरून मोटरसायकल धूत होता. चैतरामनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग मुलाच्या पाठीकडे.

"हौ," ते खुर्चीत परत बसत म्हणाले. "सकाळीच जाताना पाह्यलं मी त्याले."